किलब्रॅकचा पहारा

किलब्रॅकमध्ये माणूस गेला की त्याची कबर शेजारपाजारचे लोकच खणतात. परकी माणसं लावून खणून घेणं म्हणजे मेलेल्याची बेअब्रू. घरटी एक जण फावडं घेऊन येतो, मयताच्या घरून हॅमची सँडविचेस आणि व्हिस्कीची बाटली जाते, आणि खणता खणता गेलेल्या माणसाच्या अशा एकेक गोष्टी निघतात की जिवंत असता तर तो लाजेनेच गेला असता. या कामाला टार्पींच्या घरातल्या पुरुषाला कित्येक पिढ्यांत एकदाही बोलावणं आलं नव्हतं. टार्पींनी त्याचा सोयीस्कर अर्थ लावून घेतला होता. आपण रथबॅनच्या ओ'ड्रिनन उमरावांच्या रक्ताचे. आपल्या हाती फावडं द्यायची कुणाची छाती होणार?

डिंफना टार्पीला याचं बाळकडूच मिळालं होतं. सत्तावन्न वर्षांची, बिनलग्नाची, गावचं पोस्ट ऑफिस गेल्या वर्षी बंद होईपर्यंत त्याच्या खिडकीमागे बसलेली. तिला मागणी घालायला दोघे येऊन गेले होते, पण एक खाटकाचा मुलगा होता आणि दुसऱ्याचे बूट कायम शेणाने माखलेले. उमरावाच्या लेकीने एवढं तरी बघायला नको? आता घरात ती आणि तिचा चौऱ्याऐंशी वर्षांचा बाप, फेस्टस, अशी दोघंच उरली होती. त्यातला फेस्टस ऑक्टोबर संपता संपता जो अंथरुणाला खिळला तो काही उठायचं चिन्ह दिसेना.

या माणसाला आयुष्यात कुणाची वाट बघणं जमलं नव्हतं. डिंफना चर्चमधून बाहेर पडून दोन बायकांशी बोलत उभी राहिली की फाटकाबाहेर गाडीत बसलेला फेस्टस भोंगा वाजवायचा. दोनदा, तुटक. पोस्टात हिशेब मिटवताना उशीर झाला की दोनदा भोंगा. दुकानात पाव घेताना भोंगा. "आले हो, डॅडी!" असं ओरडत धावणारी डिंफना गावाने चाळीस वर्षं पाहिली होती आणि चाळीस वर्षं तिची नक्कल केली होती. ती गाडी आता सहा वर्षं शेडमध्ये पडून होती. बॅटरी कधीच मेलेली, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेले.

अंथरुणाला खिळल्यावर फेस्टसने एकच धोशा लावला. "मला मठात ठेव, पोरी. गाभाऱ्यात. लेडी सबाइनाच्या कबरीत."

"डॅडी, तिथे दीडशे वर्षांत कुणाला पुरलेलं नाही."

"म्हणून तर. तू कागद शोध. आपण त्यांच्यातले आहोत असं दाखव. हे आहेच की." आणि तो डावा हात वर करायचा. त्या हातावर सोन्याची जाड अंगठी होती, तिच्यावर एका पायावर उभा असलेला बगळा कोरलेला. तो ओ'ड्रिननांचा शिक्का. बापाकडून मुलाकडे आलेली ही अंगठी फेस्टसच्या बोटात इतकी रुतली होती की दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं.

गावाच्या पश्चिमेला जुना मठ आहे, छप्पर उडालेला. त्याच्या आवारात गाव पुरलं जातं, पण आतल्या गाभाऱ्यात फक्त ओ'ड्रिनन. त्यातली शेवटची लेडी सबाइना, अठराशे सत्तेचाळीस साली, बटाटा सडला आणि माणसं रस्त्यात पडून मेली त्या वर्षी. तिच्यानंतर ते घराणं संपलं. गाभाऱ्याला लोखंडी दार आहे आणि त्याची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या कॉनकॅननांकडे असते. त्यांनी हो म्हटल्याशिवाय कौन्सिलसुद्धा त्या दाराला हात लावत नाही. सध्या ती किल्ली बेबी कॉनकॅननच्या एप्रनच्या खिशात होती. बेबी एक्क्याऐंशी वर्षांची. दहा भावंडांत शेंडेफळ म्हणून बेबी, ते नाव मरेपर्यंत.

डिंफना तिच्याकडे गेली ती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. नोव्हेंबर हा मृतांचा महिना; चर्चमध्ये प्रत्येक घराने आपापल्या मृतांची नावं लिहून पाकिटं दिली होती. बेबीने चहा ओतला, सोडा ब्रेडवर बोटभर लोणी थापलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"गाभाऱ्यात?" ती म्हणाली. "तिथे कोण उभं आहे ते ठाऊक आहे ना तुला?"

"कोण उभं असणार?"

"अगं, शेवटी जो पुरला जातो तो पहाऱ्यावर राहतो. पुढचा येईस्तोवर. बाकीच्यांना पाणी द्यायचं, फाटक सांभाळायचं, सगळं त्याच्या गळ्यात. तुझ्या लहानपणी हेगर्टींची आणि मोरनची मयत एकाच दिवशी निघाली होती, आठवतं? फाटकाशी दोन्ही शवपेट्या समोरासमोर. आपला माणूस शेवटचा राहू नये म्हणून अशी पळापळ लागली की मोरनची पेटी खाली आपटली. फादर एकटेच शिव्या देत मागे धावताहेत." बेबी हसली आणि हसता हसता थांबली. "बाहेरच्यांचं बरं असतं. महिन्या-दोन महिन्यांत कुणीतरी येतंच सुटका करायला. गाभाऱ्यातलीच्या मागून कोणी आलं नाही. दीडशे वर्षं एकटी उभी आहे ती बाई."

"मग आम्ही तिच्याच रक्ताचे. आम्हीच जायला हवं."

बेबीने चहाचा कप बाजूला सारला. "तालुक्याच्या वाचनालयात जा," ती म्हणाली. "जुन्या कचेरीचे कागद तिथे आहेत. वाच आणि मग ये. आणि डिंफना, काही सापडलं नाही तर मला वाईट वाटणार नाही हं."

या बोलण्याचा डिंफनाला राग आला. म्हातारीला जळायला काय होतं, असं म्हणत ती घरी आली. चार वाजून गेले होते, उजेड खिडकीतून काढता पाय घेत होता. फेस्टस उशीला टेकून दाराकडे बघत होता आणि त्याचा डावा हात पांघरुणावर ताठ पुढे आलेला होता, कुणीतरी तो धरून ठेवल्यासारखा.

"आत्ताच गेली," तो म्हणाला.

"कोण?"

"ती बाई. रोज चारला येते. बोलत काही नाही. चिंब भिजलेली असते बघ. पायथ्याशी उभी राहते आणि मग माझं बोट धरते."

डिंफनाच्या अंगावर काटा आला, पण आनंदाचा. आपली माणसं न्यायला येतात असं म्हणतातच. "आपल्यातलीच असेल, डॅडी. लेडी सबाइना असेल."

"तीच आहे," फेस्टस म्हणाला आणि हात पांघरुणाखाली ओढून घेतला. तिने चहा देताना तो हात चाचपून पाहिला. सगळं अंग तापलेलं आणि ते एकच बोट बर्फ.

ती चार दिवस वाचनालयात जाऊन बसली. ओ'ड्रिननांच्या कचेरीचे कागद दोन खोक्यांत होते आणि त्यातलं बहुतेक सगळं गुरंढोरं, कुंपणं आणि नोकरांच्या तक्रारी. टार्पी हे नाव कुठेच नव्हतं. रोज चारच्या सुमारास तिला उगाच घाईघाई व्हायची, घरी बाप एकटा असेल म्हणून. शेजारची बाई बसायला येत असे, पण तिसऱ्या दिवशी तिने सांगितलं की चारच्या आत मी जाईन बाई, त्या खोलीत ओल येते. डिंफनाने जमीन पुसून पाहिली. पलंगाच्या पायथ्याशी खरंच ओल होती, तळपायांएवढी.

चौथ्या दिवशी तिला टार्पी सापडला. कचेरीच्या कारभाऱ्याने लेडी सबाइनाच्या डब्लिनच्या भावाला लिहिलेलं पत्र होतं, अक्षर स्वच्छ, शाई तपकिरी झालेली. पोस्टात आयुष्य काढलेल्या डिंफनाला कसलंही अक्षर वाचता यायचं. हे वाचता येऊ नये असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

पत्रात लिहिलं होतं, की बाईसाहेबांना बगळ्याच्या शिक्क्याच्या अंगठीसह पुरलं होतं. तिसऱ्या दिवशी पावसाने माती खचली म्हणून फरशी उचलली, तेव्हा अंगठी नव्हती, आणि ज्या बोटात ती होती ते बोटही नव्हतं. संशय कबर खणणाऱ्या मॅलकी टार्पीवर आहे. त्याची सात मुलं उपाशी आहेत आणि त्यातली दोन या आठवड्यात गेली. झडतीत काही मिळालं नाही. कुठल्याही सोनाराने शिक्का ओळखला असता, तेव्हा त्याला ती विकता येणार नाही, एवढंच समाधान. पाद्र्यांनी वेदीवरून जाहीर केलं आहे, की यापुढे या माणसाने आणि याच्या वंशातल्या कुणीही उघड्या कबरीजवळ उभं राहू नये.

डिंफनाने पत्र पुन्हा वाचलं. मग तिने खोकं बंद केलं, वाचनालयातल्या बाईंना नीट परत दिलं, आभार मानले, आणि बसस्टॉपवर येऊन बाकावर बसली. एक बस गेली, दुसरी गेली. तिच्या डोळ्यांसमोर सगळं गाव येत होतं. मयतीला टार्पी आले की कबरीच्या काठावरची माणसं सरकून खांद्याला खांदा लावून उभी राहायची. ती त्याला आदर समजायची. तिचा आजा, तिचा बाप, ती स्वतः, सगळे ताठ मानेने त्या रांगेमागे उभे राहायचे आणि गाव आपल्याला मान देतंय असं समजायचे. जमिनीने आपल्याला तिथेच गिळून टाकावं असं तिला लाजेने झालं.

ती घरी पोचली तेव्हा चारला दहा कमी होते. कोट न काढता ती आतल्या खोलीत गेली.

"डॅडी, ती अंगठी काढा."

फेस्टसने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि डोळे मिटले. "सापडलं ना?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझा बाप गेला तेव्हा कळलं. गेला त्याच दिवशी. तू बावीस वर्षांची होतीस. पोस्टात नवीन लागलेली, खिडकीवर येणाऱ्या पोरींना अंगठीच्या गोष्टी सांगत होतीस. आठवतं?" तो धापा टाकत बोलत होता. "कोणत्या तोंडाने सांगणार होतो? मलाही लहानपणापासून तेच गोड लागलं होतं की."

"मग मला कागद कशाला शोधायला लावले? चांगली थट्टा केलीत लेकीची!"

"दार उघडायला दुसरा उपाय सुचला नाही, पोरी. उमराव म्हणून मिरवत तरी आत जावं म्हटलं. एकदा आत पोचलो की ज्याचं त्याला." त्याने हात वर केला. "ती माझ्या बापाकडेही यायची. शेवटच्या महिन्यात. तो घाबरला आणि त्याने साबण लावून ही काढली नि माझ्या बोटात घातली. म्हणाला, मला सोडेल ती. त्याला सोडलं, खरंच. रात्री शांत गेला. मी घालू तुझ्या बोटात? साबण आण, बघ निघते का. घालू?"

डिंफना दोन पावलं मागे सरली. आपण मागे सरलो याची तिला लगेच शरम वाटली, पण पाय पुढे येईनात.

"हं. म्हणून," फेस्टस म्हणाला. "माझ्यापाशी संपू दे. बोटासकट घेऊन जातो तिची तिला."

घड्याळात चार वाजले. फेस्टसचा हात आपोआप पुढे झाला, ताठ, आणि अंगठी बोटाच्या पेरावरून किंचित फिरली. डिंफनाने ते डोळ्यांनी पाहिलं. ती ओरडली नाही. तिने कोटाची बटणं पुन्हा लावली आणि ती थेट बेबी कॉनकॅननच्या घरी गेली.

तिथे बेबीचा भाचा कोलमन चहा पीत बसला होता. गावातल्या प्रत्येक कबरीला पहिलं फावडं त्याचं असायचं. नंतर येते म्हणावं असं एक क्षण डिंफनाला वाटलं. मग म्हणाली, "बरं झालं तूही आहेस. दोघंही ऐका. आम्ही ओ'ड्रिनन नाही. आमच्या मॅलकीने लेडी सबाइनाचं बोट कापून अंगठी चोरली. ती आमच्या घरात आहे. आम्ही चोर आहोत आणि चोरीच्या मालावर दीडशे वर्षं नाक वर करून फिरलो. डॅडींना ती परत करायची आहे. दार उघडा, एवढं मागायला आले आहे."

कोलमनने कप खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं, आणि ते बघून तिला जास्त लागलं.

"तुमच्यापैकी कुणीतरी येऊन हे बोलावं," बेबी म्हणाली, "म्हणून माझी आजी वाट बघत गेली. माझी आई वाट बघत गेली. आम्हाला कागद नको होता गं कधीच." तिने एप्रनच्या खिशातून हातभर लांब किल्ली काढून टेबलावर ठेवली. "पण नीट विचार कर. तो आत गेला की ती सुटली. मग पहाऱ्यावर तो."

"त्यांना माहीत आहे."

"त्याला माहीत आहे. तुला माहीत आहे का, ते विचारतेय."

डिंफनाला तेव्हा त्या प्रश्नाचा अर्थ नीट लागला नाही. तिने मान डोलावली.

फेस्टस शनिवारी दुपारी गेला, चारच्या ठोक्याला, हात पुढे करून. म्हणजे दफन सोमवारी. सोमवारी नवी कबर उघडायची नसते. आदल्या दिवशी निदान एक ढेकूळ उलटून ठेवायचं, म्हणजे काम रविवारी सुरू झालं असं होतं. रविवारी चर्चमधली मासची प्रार्थना आटोपल्यावर कोलमन आणि चार शेजारी गाभाऱ्यात उभे राहिले. दीडशे वर्षांत फरशीवर हातभर माती आणि गवत चढलं होतं. कोलमनने फावडं उचललं, आणि मग ते उलटं करून दांडा डिंफनापुढे धरला.

"पहिलं तू," तो म्हणाला.

कुणी सरकलं नाही. कुणी खांद्याला खांदा लावला नाही. डिंफनाने फावडं घेतलं, ते कसं धरायचं तेही तिला येत नव्हतं, आणि तिने पायाने रेटून एक ढेकूळ उलटलं. तिला रडू कोसळलं. आयुष्यात गावाने पहिल्यांदा तिला आपलं म्हटलं होतं आणि ते इतकं साधं होतं.

सोमवारी फरशी उचलली. लाकूड केव्हाच मातीला मिळालं होतं. हाडं मात्र होती, आणि एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली, पण तिथे कुणी बोललं नाही. पुरलेल्या माणसाचे हात छातीवर बांधलेले असतात. लेडी सबाइनाचा उजवा हात तसाच होता. चार बोटांचा डावा हात मात्र वर, फरशीच्या दिशेने उघडा पसरलेला होता.

फेस्टसची पेटी तिच्या शेजारी उतरवली. त्याची अंगठी त्याच्या बोटात होती. फरशी बसवायच्या आधी डिंफनाने वाकून पाहिलं. तिला असं वाटलं, की लेडी सबाइनाचा तो डावा हात आता मिटलेला आहे. तिने दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

माणसं सँडविचेस खायला घराकडे निघाली. बेबीने लोखंडी दार लावलं, कुलूप घातलं, आणि किल्ली खिशात न टाकता डिंफनाच्या हातात दिली.

"ही तुमच्याकडे असायची ना?"

"आमचं काम संपलं. आम्ही तिच्यासाठी राखत होतो." म्हातारीचा आवाज मऊ होता. "आत जायचा हक्क आता ज्याचा बाप आत आहे त्याचा. तुला भाऊ नाही, मूलबाळ नाही. म्हणजे त्याची सुटका करायला यायचं ते तूच. फार उभं नको ठेवूस गं त्याला. फेस्टसला वाट बघायची सवय नाही."

डिंफनाला बेबीच्या त्या दिवशीच्या प्रश्नाचा अर्थ तेव्हा लागला.

मंगळवारी घर रिकामं झालं. शेजारणींनी भांडी घासून ठेवली होती, उरलेला केक डब्यात भरला होता. पलंगाच्या पायथ्याची जमीन कोरडी ठणठणीत होती. डिंफनाने दोनदा हात फिरवून पाहिलं आणि मोकळा श्वास घेतला. संपलं, ती मोठ्याने म्हणाली. दीडशे वर्षांचं ओझं उतरलं, चोरीही फिटली, गावही आपलं झालं. किल्ली तिने ड्रेसरच्या खणात ठेवली, चुलीत जळणासाठी वाळवलेल्या पीट मातीची दोन ढेकळं सारली आणि चहाचं आधण ठेवलं. आपल्याला अजून वीस वर्षं सहज आहेत, असा हिशेबही तिने मनाशी करून टाकला. टार्पी चिवट असतात.

किटली वाफ सोडायला लागली. बाहेर उजेड कमी होत होता. घड्याळात चार वाजले.

शेडमधून भोंगा वाजला. दोनदा, तुटक.

"आले हो, डॅडी!" डिंफना म्हणाली, आणि हात पुसत दारापर्यंत पोचली तेव्हा कुठे तिला आपण काय बोललो ते कळलं.